प्लस-मायनस

अंबडच्या कारखान्यात मी बुशिंग मोजते.
पंचवीस मिलिमीटर, प्लस-मायनस दोन शतांश.
बसलं तर हिरवा ट्रे, नाही तर लाल.
सोळा वर्षं झाली.
आता बसस्टॉपवरच्या माणसांनाही
डोळे आपोआप गेज लावतात.

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर बागूल बाईंनी तळहातावर ठेवलं ते
गार, गुळगुळीत,
खरवसाच्या वडीसारखं थरथरणारं.
बोट दाबलं. खड्डा पडला. भरून आला.
"पावणेतीनशे सीसी," त्या म्हणाल्या.
"टॉलरन्स किती?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत. तेवढ्यानेच
मी खुर्चीत नीट टेकून बसले.
"दोन्ही बाजू सारख्या होतील असं मी म्हणणार नाही.
आत्ताही नाहीत. डावी जरा खाली आहे,
पाहिलंय कधी?"
दोन शतांशाला माल परत पाठवणारी मी,
छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्या सांगत गेल्या, मी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर लिहीत गेले.
ही जन्माची सोबत नव्हे.
दहा वर्षं, पंधरा, कधी त्याआधीच
पुन्हा टेबल, पुन्हा भूल, पुन्हा पैसे.
शरीर परक्याभोवती कुंपण घालतं,
ते कुणाकुणाचं आवळत जातं, आत दगड होतो.
बोंडांची जाणीव काही महिने जाते,
काहींची परत येत नाही.
"मूल झालं तर दूध?"
"येईल. कमी येईल. मी हमी देत नाही."
चाळिशीनंतर तपासणीला गेलात
तर मशीनपुढे उभं राहण्याआधी सांगायचं, आत काय आहे.
सहा आठवडे वजन नाही, हात खांद्यावर नाही.
(वरच्या फळीवरचा पिठाचा डबा. बसचा दांडा.
स्वतःची वेणी.)

"आणि कोणासाठी?"
"माझ्यासाठी," मी म्हणाले.
फार पटकन म्हणाले.
न मोजता ओके मारावं तसं.

मेन रोडचा टेलर आठवला, दादाच्या लग्नाआधीचा.
भर दुकानात, टेप गळ्यात टाकून:
"कटोरी कशाला, ताई? साधाच शिवू.
कटोरीत बसायला काहीतरी लागतं ना."
तेव्हा मी एकोणीसची. ब्लाउज अजून आहे.
साधाच.

निघताना सिस्टर पगार जिन्यापर्यंत आल्या, आवाज खाली घेऊन:
"तांदूळ घ्या. मापाच्या पेल्याने. पातळ मोज्यात बांधा,
आत घाला, आठ दिवस वावरून बघा.
फुकटची तपासणी आहे."

घोटीचा इंद्रायणी, दोन मोजे, दोन गाठी.
पहिल्या दिवशी आरशापुढे कडेने उभी राहिले,
दूध उतू गेलं तरी.
तिसऱ्या रात्री पालथं झोपता येईना.
पाचव्या दिवशी पॅकिंगची रुक्साना म्हणाली,
"पाठ दुखतेय का गं? वाकून का चालतेस?"
एवढंच. बाकी कुणी काही नाही.
सहाव्या दिवशी डावी गाठ सुटली,
गेजच्या टेबलावर
टपटप सात-आठ दाणे.
सुपरवायझरने बघितलं. मी म्हणाले, "डबा सांडला."

लोकांना वाटतं कारखान्यात दोनच ट्रे असतात.
पिवळा असतो तिसरा, खिडकीखाली.
वाईट म्हणून नाही ठेवत त्यात काही,
पुन्हा मोजायचं म्हणून ठेवतात.

बुधवारी परत जायचंय. कागदावर तीन ओळी उरल्यात:
काढायची वेळ आली तर काढायला किती?
तुम्ही दवाखाना बंद केलात तर मी कुणाकडे?
बॅच नंबर लिहून मिळेल का, शिक्क्यासकट?

तांदूळ मात्र निवडून, तीनदा धुऊन शिजवला.
चिकट झाला, इंद्रायणी होतोच.
वर साजूक तूप घेतलं,
आणि बऱ्याच दिवसांनी
पाठ ताठ ठेवून जेवले.